शून्य रुपयांचं बिल

विरारच्या बोळिंज नाक्यावर हातगाडीवरून डझनभर केळी घ्यायची आणि पैसे द्यायला फोन पुढे करायचा. गाडीच्या दांडीला टांगलेल्या पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. ही ठिपक्यांची पद्धत १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, तीही मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. कंपनीने पेटंट घेतलं आणि लगेच सांगून टाकलं की ठरलेल्या नियमांनी कोड बनवणाऱ्या कुणाकडूनही आम्ही पैसे मागणार नाही. केळीवाल्याच्या पुठ्ठ्यावरच्या चौकोनाचं भाडं जपानला जात नाही, ते त्यामुळे.

आता हातातला फोन. तो अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या मुलाने ते १९९१ मध्ये लिहायला घेतलं, आज जगभरातले हजारो लोक ते लिहितात, आणि कुणीही ते घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं अशी मुभा आहे. फोनमधले संपर्क, संदेश, ॲपच्या बारीकसारीक नोंदी ज्या डेटाबेसमध्ये जातात तो बहुतेक वेळा एसक्यूलाइट असतो. त्याची जन्मकथा तर युद्धनौकेवरची आहे. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी प्रोग्राम लिहीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसायचा आणि दोष त्यांच्या नावावर जायचा. मग त्यांनी विचार केला, सर्व्हर हवाच कशाला? सगळा डेटाबेस एका साध्या फाइलीत का बसू नये? २००० साली त्यांनी तो लिहिला आणि त्यावरचा हक्कही सोडून दिला. अँड्रॉइड असो वा आयफोन, आज प्रत्येक फोनमध्ये त्याच्या कितीतरी फाइली पडलेल्या असतात.

एका डझन केळ्यांमागे एवढं सगळं राबलं, आणि त्यातल्या कशासाठीही ना गाडीवाल्याने लायसन्सचा पैसा मोजला, ना तुम्ही.

त्याच नाक्यावर जिना चढून हिशोबनिसाच्या खोलीत गेलं की चित्र पालटतं. तिथे टॅली उघडलेलं असतं. एका संगणकावर वापरायच्या टॅलीप्राइम सिल्व्हरची किंमत गेली काही वर्षं २२,५०० रुपये आहे, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपये. हिशोबनिसाची जीएसटी नोंदणी असेल तर तो कर इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, हा भाग वेगळा. पण पैसे मोजावे लागतात, आणि तो कुरकुर न करता मोजतो. तळमजल्यावर सगळं फुकट आणि पहिल्या मजल्यावर साडेबावीस हजार, असं का? त्यातही गंमत अशी की दोन्हीकडची वस्तू एकाच मालाची बनली आहे: कुणीतरी बसून लिहिलेल्या ओळी.

सॉफ्टवेअरची पहिली प्रत भयंकर महाग असते आणि दुसरी जवळपास फुकट. साबण, सायकल, साडी यांचं असं होत नाही. दुसऱ्या साडीलाही सूत लागतं, माग लागतो. सॉफ्टवेअरच्या दहा लाखाव्या प्रतीला थोडी वीज लागते, बस. मग किंमत ठरवायची कशावर? पहिल्या प्रतीचा खर्च सगळ्या प्रतींवर वाटून, वर नफा लावून विकणं हा एक मार्ग. प्रत सोडून द्यायची आणि तिच्या भोवतीच्या कामाचे पैसे घ्यायचे, हा दुसरा. आपल्या देशात या दोन्ही मार्गांची मोठी उदाहरणं जवळपास एकाच गोष्टीतून निघाली, याची मला फार मौज वाटते.

पहिली गोष्ट बंगळूरची. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवायचे. आपल्या धंद्याचे हिशोब सांभाळील असं सॉफ्टवेअर त्यांना बाजारात सापडेना. घरात गणिताचा पदवीधर मुलगा होता, भरत. वडिलांनी त्याला सांगितलं, तूच बनव. १९८६ मध्ये त्यातून प्युट्रॉनिक्स ही कंपनी निघाली आणि पुढे टॅली. दुकानदाराला संगणक कळो न कळो, जमा-नावे कळतं, हे ओळखून ते बनवलेलं होतं. भरत गोएंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट मुंबईची. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. तिथे ईआरपी बसवायचा घाट घातला गेला. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार आणि हिशोब हे सगळं एकाच जागी बांधणारं सॉफ्टवेअर. तो प्रयत्न फसला. मेहतांनी स्वतः प्रोग्रामिंग शिकून घरच्या धंद्यासाठी नवं लिहायला घेतलं आणि २००८ मध्ये कंपनी काढली. त्या सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट, कंपनीचं आजचं नाव फ्रॅपे. फरक एवढाच की मेहतांनी आपलं काम कुलपात ठेवलं नाही. ईआरपीनेक्स्टची प्रत्येक ओळ इंटरनेटवर उघडी आहे. कुणीही उतरवून घ्यावी, आपल्या कारखान्यात चालवावी, बदलावी. अट एवढीच की बदललेलं सॉफ्टवेअर पुढे दुसऱ्या कुणाला दिलंत तर तेही तसंच उघडं द्यायचं.

घरचा धंदा, हवं ते न मिळणं, आणि मुलाने लिहायला बसणं. इथवर दोन्ही गोष्टी जुळ्या आहेत. पुढे एकाने प्रत विकली, दुसऱ्याने सोडून दिली, आणि दोघांच्याही कंपन्या आज उभ्या आहेत.

हे खर्चाच्या भाषेत काय होतं ते पाहू. समजा, बोळिंजला राहणाऱ्या एका गृहस्थांचा वसईतल्या वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात प्लास्टिकचे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे. हिशोबाच्या खोलीत तीन संगणक. अनेक संगणकांवर चालणारं टॅलीप्राइम गोल्ड ६७,५०० रुपयांना येतं. जीएसटी धरून ७९,६५०. नव्या सुधारणा मिळत राहाव्यात म्हणून दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी १३,५०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५,९३०. पाच वर्षांचा हिशोब १,४३,३७० रुपये. हे बिल आधीच माहीत असतं, आणि धंद्यात आधी माहीत असलेलं बिल हे निम्मं सुख असतं.

ईआरपीनेक्स्टच्या खान्यात लायसन्सपुढे शून्य लिहायचं. मग त्या शून्याच्या खाली ओळी वाढत जातात. सॉफ्टवेअर चालायला सर्व्हर हवा, स्वतःचा किंवा भाड्याचा. कुणीतरी ते बसवून द्यायला हवं. जुना साठा नव्या पद्धतीत भरायला हवा, आणि तेव्हा कळतं की एकाच बोल्टला स्टोअरकीपरने एक नाव दिलंय, खरेदीवाल्याने दुसरं आणि मशीनवरच्या माणसाने तिसरंच. ही नावं एक करण्यात आठवडे जातात. मग माणसांना शिकवायचं, रोज रात्री डेटाची प्रत ठेवायची, नवी आवृत्ती आली की जपून चढवायची. पहिल्या वर्षी हा सगळा खर्च टॅलीच्या पाच वर्षांच्या बिलालाही मागे टाकू शकतो. शून्य पाहून हुरळलेले पुष्कळ जण इथेच सोडून देतात.

अर्थात ही तुलना थोडी तिरकी आहे, हेही सांगायला हवं. टॅलीचा जीव हिशोबात आणि साठ्यात; ईआरपीनेक्स्ट कारखान्याचं उत्पादन आणि पगारही पाहतं. खरी तुलना मोठ्या कंपन्यांच्या ईआरपीशी करायला हवी. तिथे लायसन्स बहुतेक माणशी असतं. आज तीन जण वापरतात, उद्या स्टोअरकीपर, परवा गेटवरचा सुरक्षारक्षकही आवक-जावक त्यातच लिहू लागला, की दर माणसामागे बिल वाढतं. मालक मग कंजूषपणा करतो. पाच जणांत एक पासवर्ड फिरतो, गेटवर पुन्हा वही येते, आणि ज्या एका धाग्यासाठी सगळा खटाटोप केला तो तिथेच तुटतो. मुक्त, म्हणजे ईआरपीनेक्स्टसारख्या उघड्या, सॉफ्टवेअरला तिसावा माणूस पहिल्याइतकाच फुकट. म्हणून माणसं वाढत गेली की कुठेतरी दोन खर्चांच्या रेषा एकमेकींना छेदतात. तो छेद नेमका कुठे येतो हे कारखान्यागणिक बदलतं. त्याचं सरसकट उत्तर देणाऱ्या विक्रेत्यावर, तो कुठल्याही बाजूचा असो, मी विश्वास ठेवणार नाही.

वसईच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजायला बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, पुरे. वाडीतल्या बावखलाच्या पाण्याचं बिल येत नाही, पण गाळ काढायला, कडा सांभाळायला दर वर्षी हात लागतात. टँकरचं बिल येतं, पण गाळाची चिंता टँकरवाल्याची. ज्या घरात हात आहेत त्यांना बावखल परवडतं, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना टँकर. आणि बावखल बुजवून बसलेल्याला पुढे टँकर सांगेल तो भाव द्यावा लागतो.

या हिशोबातली एक ओळ मला सगळ्यात थक्क करते, कारण ती कुठल्याच बिलावर दिसत नाही. कुठल्याही नोकरीच्या जाहिरातीत पाहा: टॅली यायला हवं. विरारपासून चंद्रपूरपर्यंत नाक्यानाक्यावर टॅलीचे क्लास आहेत. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला, राज्याच्या सरकारी नोकरीसाठी अशी संगणक परीक्षा लागू लागली, आणि महाराष्ट्राच्या एका आख्ख्या पिढीची बोटं विंडोज आणि ऑफिसवर बसली. त्या क्लासची फी कुणी भरली? मुलांच्या आई-वडिलांनी. म्हणजे व्यापारी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या मालकाला शिकवण्याचा खर्च जवळपास शून्य पडतो, कारण तो खर्च त्याच्या कारकुनाच्या आईने आधीच केलेला असतो. मुक्त सॉफ्टवेअर घेणाऱ्या मालकाला तोच खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. ‘फुकट’ची वस्तू महाग आणि ‘विकत’ची स्वस्त दिसते, त्याचं निम्मं कारण इथे आहे.

ही तूट भरून काढायचे प्रयत्न झाले. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल उभं राहिलं: साधारण दहा मिनिटांचे धडे, लिबरऑफिसपासून प्रोग्रामिंगच्या भाषांपर्यंत, मराठीतही, आणि विनामूल्य. केरळने तर सरकारी शाळांमध्ये लिनक्सच आणलं. दोन लाखांहून अधिक संगणकांवर लायसन्सचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा त्या सरकारचा दावा आहे. जर्मनीतल्या म्युनिकची गोष्ट मात्र उलटी गेली. २००३ मध्ये महापालिकेने विंडोज सोडायचं ठरवलं, पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर वळवले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. एवढ्या वर्षांच्या कामानंतरही प्रश्न पैशांवरच मिटला नाही. त्यात राजकारण आलं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आल्या.

आपल्याकडे तर सामना दोन पैलवानांचा नाहीच. तिसरा एक आखाड्याबाहेर उभा राहून दोघांना पाडतो: चोरून उतरवलेली प्रत. ज्याच्या संगणकावर क्रॅक केलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर आयतं चालतंय तो मुक्त सॉफ्टवेअर शिकायचे कष्ट कशाला घेईल? दोन्हींची किंमत त्याच्या लेखी शून्यच. माझ्या मते आपल्या बाजारात या चोरीने, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांपेक्षा, मुक्त सॉफ्टवेअरचं जास्त नुकसान केलं, कारण त्याचा सगळ्यात सहज दिसणारा गुणच तिने काढून घेतला.

पैशाच्या पलीकडे दुसरा एक खर्च असतो, तो बाहेर पडण्याचा. मराठी छपाईच्या धंद्याने तो मोजून भरला आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत साध्या संगणकाला देवनागरी येत नव्हती. तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरचं आकृती अशा सॉफ्टवेअरनी मोठी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, आणि पडद्यावर उमटायचं मराठी. त्या युक्तीवर मराठी छपाई दिमाखात उभी राहिली. पण कुठला तुकडा कुठल्या अक्षराच्या जागी, हा नकाशा प्रत्येकाचा वेगळा. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ती रोजच्या संगणकांवर रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर लग्नपत्रिकांपासून ग्रंथांपर्यंत लाखो पानं त्या जुन्या नकाशांत अडकली होती. आज अशी फाइल फाँटशिवाय उघडली तर समोर येते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. ती पुन्हा मराठी करायला आधी रूपांतर, मग प्रत्येक पान डोळ्यांनी तपासणं. तेव्हा घेतलेल्या सॉफ्टवेअरचं हे बिल आज येतंय, आणि खरेदीच्या दिवशी ते कुणाच्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

उलट बाजूला मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फाँट पाहा. तो मुक्त परवान्यावर आहे. बोळिंजच्या बॅनरवाल्यापासून मोठ्या वृत्तसंकेतस्थळापर्यंत कुणीही तो फुकट वापरावा. देवनागरीचा एक चांगला फाँट घडवायला अनुभवी माणसांना महिनोन्‌महिने लागतात, कारण जोडाक्षरंच शेकड्यांनी असतात. ते श्रम आता सगळ्या मराठी मजकुराच्या कामी येतात.

कायद्यानेही या वादात एक सुंदर कोडं घातलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक उद्योगाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक व्यवहारात कोणी काय आणि कधी बदललं याची नोंद राहायला हवी, आणि ती नोंद कुणालाही बंद करता येता कामा नये. व्यापारी सॉफ्टवेअरला हे सोपं. टॅलीने त्यासाठी वेगळी आवृत्तीच काढली. पण ज्या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ मालक बदलू शकतो, तिथे ‘बंद करता येणार नाही’ याचा अर्थ काय? मुक्त सॉफ्टवेअरचा जो गुण, तोच लेखापरीक्षकाच्या नजरेत संशय. ईआरपीनेक्स्टमध्ये पक्की झालेली नोंद थेट बदलता येत नाही, ती रद्द करून नवी करावी लागते आणि मागचा माग राहतो; भारतातल्या नियमांसाठीचं त्याचं जोड-सॉफ्टवेअरही मोफत आहे. तरीही सर्व्हरच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणारच, आणि त्याने विचारायलाच हवा. कुलूपबंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र तो विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो, कारण आत पाहायची सोयच नाही.

मुक्त हिशोबाच्या वाटेवर मुंबईतून आणखी एक प्रयत्न निघाला, जीएनयूखाता. तो उभा करणारे कृष्णकांत माने हे दृष्टिहीन प्रोग्रामर. पडदा न पाहता, संगणकाने वाचून दाखवलेल्या ओळी ऐकत त्यांनी हिशोबाचं सॉफ्टवेअर घडवलं. टॅलीला तो मागे टाकू शकला नाही. पण तो ज्या डेटाबेसवर उभा आहे तो पोस्टग्रेस, आणि त्याच्या पोटात महाराष्ट्राची एक सही आहे.

पोस्टग्रेसची सवय अशी की एखादी नोंद बदलली की तो जुनी पुसत नाही. शेजारी नवी लिहितो. गोदामात बोल्टची संख्या पाचशेवरून चारशे नव्व्याण्णव झाली, नवी नोंद. पुन्हा एक बोल्ट गेला, आणखी एक नोंद. आणि त्या बोल्टपर्यंत पोचायच्या जितक्या सूची, नावाची, क्रमांकाची, पुरवठादाराची, त्या प्रत्येकीत नवा पत्ता घालावा लागायचा. संख्या बदलली, नाव तर तेच राहिलं, तरी नावाच्या सूचीत खाडाखोड. पुण्याचे पवन देवळसी यांनी यावर तोड काढली: नवी नोंद त्याच पानावर मावत असेल आणि सूचीतलं काही बदललं नसेल, तर सूचीला हातच लावायचा नाही, जुनी नोंदच नवीकडे बोट दाखवील. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या ८.३ आवृत्तीत हे आलं आणि तेव्हापासून जगात जिथे जिथे पोस्टग्रेस आहे तिथे ते रोज, अखंड चालू आहे. ब्राझीलमधल्या एखाद्या दुकानदाराचा साठा वेगाने बदलतो, त्याला पुणं कुठे आहे हे ठाऊक नसेल. ज्या कंपन्या पोस्टग्रेस वापरतात त्या या सुधारणेसाठी वेगळं बिल भरत नाहीत.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अभ्यासकांनी जानेवारी २०२४ मध्ये असल्या श्रमांची किंमत काढायचा प्रयत्न केला. सगळ्यात जास्त वापरात असलेलं मुक्त सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचं तर ४.१५ अब्ज डॉलर लागतील, असा त्यांचा अंदाज. पण ते अस्तित्वातच नसतं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं तर? ८.८ लाख कोटी डॉलर. कंपन्यांचा सॉफ्टवेअरवरचा खर्च साडेतीन पट झाला असता. आणि या अफाट मूल्यातला ९६ टक्के भाग ज्यांच्या हातून घडतो ते प्रोग्रामर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एकूण प्रोग्रामरांच्या फक्त पाच टक्के आहेत. हे वाचताना छाती दडपते. जगाचा व्यापार इतक्या थोड्या हातांवर!

ते हात थकतातही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. तेव्हा उघड झालं की बँकांपासून दुकानांपर्यंत सगळे ज्याच्या भरवशावर होते त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. त्याहून भीतिदायक प्रकार २०२४ चा. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या छोट्या सॉफ्टवेअरचा सांभाळ एक थकलेला माणूस एकट्याने करत होता. कुणीतरी टोपणनावाने मदतीला आलं, दोन वर्षांहून अधिक काळ मनापासून काम करून विश्वास कमावला, आणि मग हळूच चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेसचेच प्रोग्रामर. वेगाच्या चाचण्या करताना त्यांच्या लक्षात आलं की सर्व्हरवर शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी अर्धा सेकंद सोडून दिला असता. त्यांनी कारण खणून काढलं, आणि ओळी उघड्या असल्यामुळेच ते खणता आलं. कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजे नसतात असं नाही. बाहेरच्या माणसाला खणायला तिथे फावडंच मिळत नाही.

म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर घेणाऱ्या धंद्याने पैसे द्यायचे ते नेमके कशाचे, याचं उत्तर बाजाराने शोधलंय: काही बिघडलं तर पहाटे दोन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचे. पुण्यातही मोठं कार्यालय असलेल्या रेड हॅटचा सगळा धंदा यावर चालतो. तिचं लिनक्स मुक्त परवान्यावर, आणि वर्षाची वर्गणी कशाची, तर जबाबदारीची. २०१९ मध्ये आयबीएमने ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली. फ्रॅपेही मदतीचे आणि सर्व्हर सांभाळण्याचे पैसे घेते. ईआरपीनेक्स्ट स्वतः वापरणाऱ्या झिरोधाने २०२० मध्ये तिच्यात गुंतवणूक केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातल्या मुक्त प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर देणारा निधी सुरू केला. शेअर दलालीचा आपला डोलारा कशावर उभा आहे, हे त्या कंपनीच्या तंत्रज्ञांना पक्कं ठाऊक आहे. बाकीच्या भारतीय कंपन्यांना ते ठाऊक नाही असं नव्हे. पण पाकीट बाहेर काढणारे अजून थोडेच आहेत.

वालीवच्या आपल्या कारखानदाराने काय करावं? त्याच्या जागी मी असतो तर हिशोब टॅलीवरच ठेवला असता. सीए खूश, कारकून मिळायला सोपे. उत्पादन आणि साठा यांना ईआरपी लागेल तेव्हा, हाताशी एक जाणता माणूस असेल तर, मुक्त सॉफ्टवेअर घेतलं असतं आणि लायसन्सचा वाचलेला पैसा त्या माणसाच्या पगारात घातला असता. आणि दोन्ही विक्रेत्यांना सही करण्याआधी एकच गोष्ट करून दाखवायला सांगितली असती: माझा सगळा डेटा आत्ता, माझ्यासमोर, दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर वाचू शकेल अशा रूपात बाहेर काढा.

जबाबदारीच्या बाजाराचं सगळ्यात अफलातून दुकान मात्र विनाशिकेवाल्या रिचर्ड हिप यांचं आहे. एसक्यूलाइटवर त्यांनी कुठलाही हक्क ठेवलेला नाही. परवानगी मागायची गरज नाही, परवाना नाही, अट नाही. पण मोठ्या कंपन्यांचे वकील अस्वस्थ होतात. कागदच नाही म्हणजे काय? कुणाच्या परवानगीने वापरायचं? तर अशांसाठी हिप यांच्या कंपनीने एक प्रमाणपत्र ठेवलंय. फुकट वापरण्याचा तुमचा हक्क खरा आहे, असं त्यात लिहून मिळतं. सॉफ्टवेअर तेच, ओळी त्याच. प्रमाणपत्राची किंमत सहा हजार डॉलर.